खव्याची राखण

म्हेत्रे परत आला तो एकटाच.

त्याने आप्पांच्या पेढ्यांच्या दुकानाच्या पायरीवर चपला झटकल्या, टोपी काढून तिनेच वारा घेतला आणि मला जे कळून चुकले होते तेच सांगितले. समोरचा कापडवाला म्हणाला, दुकानात दुसरे कोणी नाही, सोडून कसा येऊ. त्याच्या शेजारच्या भुसारवाल्याची दाढ दुखत होती. तालमीच्या ओट्यावर पत्ते खेळत बसलेल्यांनी विचारले, आप्पांच्या विरुद्ध सही करायला आम्हाला पिसाळलेलं कुत्रं चावलंय का.

"आणि नबीलाल?" मी विचारले.

नबीलालचे सायकलचे दुकान आप्पांच्या दुकानाला लागूनच होते. मध्ये फक्त फळ्यांची भिंत. म्हेत्रेने तोंड उघडण्याआधीच त्या भिंतीपलीकडून आवाज आला, "नबीलाल गावाला गेलाय म्हणून सांग साहेबांना."

मल्लिनाथआप्पा हसले. मलाही हसू आले असते, पण माझ्या डाव्या हाताशी खव्याचे पातेले होते आणि मला तिथून हलता येत नव्हते.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक होतो. घराला कुलूप लावल्यावर अर्ध्या वाटेवरून परत येऊन ते ओढून बघणारा माणूस मी. दुसऱ्याच्या दुकानात शिरून हे खाण्याजोगे, हे नाही, असे सांगण्याची नोकरी मला कशी दिली याचे मला अजून नवल वाटते. वाचन पुष्कळ होते. नियमांचे पुस्तक मी कादंबरीसारखे मन लावून वाचले होते. त्यात लिहिले होते की नमुना घ्यायचा तर पंच हवा. पंच म्हणजे बाहेरचा माणूस. त्याच्यासमोर माल तीन बाटल्यांत भरायचा, लाखेचे सील लावायचे आणि त्याने सही करायची. जप्तीलाही पंचच. म्हेत्रे आमचा शिपाई, म्हणून तो चालत नव्हता. आणि पंच मिळेपर्यंत मालाजवळून उठायचे नाही, कारण निरीक्षकाची पाठ वळली की पातेले बदलते.

म्हणून मी सकाळपासून एका लाकडी स्टुलावर बसून होतो.

त्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्या आल्या म्हेत्रेने मला एक बातमी दिली होती. आप्पांचा खवा भूमच्या बाजूने एसटीच्या टपावरून पाट्यांतून येत असे. ती एसटी आदल्या दिवशी घाटात बंद पडली, आणि वैशाखातल्या उन्हात पाट्या दिवसभर टपावरच तापल्या. संध्याकाळी यायचा तो खवा दुसऱ्या दिवशी पहाटे आला. म्हेत्रे हे सहज म्हणून बोलला. मी ते ऐकून उठलो, तेव्हा त्याला सांगितल्याचा पश्चात्ताप झालेला दिसला.

दुकानात गेलो तेव्हा पाट्या पातेल्यात उलटून झाल्या होत्या. मी चमच्यावर थोडा खवा घेऊन नाकाशी धरला. आंबूस वास आला. निदान मला तसे वाटले. पण मला बारा महिने सर्दी. मी चमचा म्हेत्रेच्या नाकाशी नेला. त्याने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, "खव्याचा वास येतोय." मग मी पुन्हा घेतला. रंग थोडा पिवळट दिसत होता, पण दुकानातला उजेडही पिवळटच होता.

तो खवा कुठे जाणार हे सगळ्यांना माहीत होते. शेटे गुरुजींच्या मुलीचे लग्न त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर होते. मारुतीच्या देवळामागे मंडप घातला होता आणि आचारी गुलाबजामसाठी खव्याची वाट बघत होता. शंका असलेला खवा पेढ्याला वापरत नाहीत, गुलाबजामला देतात. तुपात तळला आणि वेलदोड्याच्या पाकात पडला की आंबूसपणा लपतो. हेही मी वाचलेले होते. लपतो, जात नाही.

शेटे गुरुजी हा त्या गावातला माझा एकमेव मित्र. वाचनालयात आम्ही एकाच टेबलावर बसत असू. न बोलता, समोरासमोर, तासन्‌तास. माझ्यासारख्या माणसाला याहून जवळची मैत्री जमत नाही. लग्नाची अक्षत द्यायला ते स्वतः माझ्या खोलीवर आले होते.

मी म्हेत्रेला पुन्हा पंच शोधायला पाठवले. तो गेला आणि आला. बाराच्या सुमाराला कापडवाला स्वतःच रस्ता ओलांडून आला. पंच व्हायला नव्हे, मला समजावायला. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही नवीन आहात. ह्या दुकानात आमच्या बापजाद्यांपासून पहिला पेढा सिद्धेश्वरापुढं ठेवल्याशिवाय गिऱ्हाइकाला मिळत नाही. मुलाच्या मयतीचा दिवस सोडला तर म्हातारा एक दिवस चुकला नाही. तिथं तुम्हाला काय सापडणार?"

मी म्हणालो, "मग पंच व्हा. काही सापडणार नाही असं तुमच्या सहीनिशी होईल."

तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला आणि परत गेला.

आप्पा मात्र माझ्याशी एका शब्दाने वाईट वागले नाहीत. सत्तरीकडे झुकलेले, उघड्या अंगावर उपरणे, कपाळाला भस्म. त्यांनी चहा मागवला, मी नको म्हणालो. विक्रेत्याकडून काही घ्यायचे नाही असा नियम होता. केळी आणवली, तीही परत केली. पाणी तरी घ्या म्हणाले. पाणी घ्यायला हरकत नव्हती, पण पाणी प्यायलो तर पुढचा प्रश्न येणार होता. आप्पांनी तो ओळखला. "मोरी मागं आहे, साहेब," ते म्हणाले. "जाऊन या की. मी आहे इथं."

म्हेत्रे तोंडावर टोपी धरून हसला.

ऊन दुकानात शिरू लागले तसे आप्पांनी दाराच्या फळ्या लावून घेतल्या, एक तेवढी उघडी ठेवली. उन्हासाठीच लावल्या त्यांनी, पण दुकान एकदम लहान झाले. आत भट्टीची धग, तुपाचा वास आणि त्याखाली तो दुसरा वास, जो कधी होता आणि कधी नव्हता. बाहेर बोलणे चालूच होते. कोणीतरी विचारत होते, साहेब अजून बसलाय का. कोणी म्हणाले, आप्पांनी पाकीट लहान दिलं असेल. फळ्यांच्या फटीतून एक डोळा आत बघून जाई.

आतून आप्पांच्या सुनेने जेवायला हाक मारली. आप्पा म्हणाले, "पाहुणा उपाशी बसलाय." तिने पुन्हा हाक मारली नाही. मग आम्ही दोघेही तसेच बसून राहिलो. ते गादीवर, मी स्टुलावर, मध्ये पातेले.

माझ्यासमोर भिंत होती. तिच्यावर सिद्धेश्वराची तसबीर, तिला झेंडूचा ताजा हार, उदबत्तीचे घर आणि पुढे फळीवर एक पितळी वाटी. वाटीकडे मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून चालली होती आणि दुसरी परत येत होती. दुसरे बघण्यासारखे काही नव्हते म्हणून मी मुंग्या बघत होतो. कुठल्याही फजितीत मी असाच एखादी बारीक गोष्ट धरून बसतो.

मग पालिकेतून निरोप आला. मुख्याधिकारी साहेबांनी ताबडतोब बोलावले आहे, हातातले काम टाकून या. निरोप घेऊन आलेला माणूस दारातच उभा राहिला, मला बरोबर नेण्यासाठी. मी म्हेत्रेकडे बघितले. म्हेत्रे खाली बघत होता.

मी म्हेत्रेला सांगितले की तू जा आणि साहेबांना सांग, नमुना घेतला की येतो. तो माझ्या कानाशी वाकला. "साहेब, असा निरोप मी नेला तर तुमची नोकरी जाईल आणि माझीपण हजेरी घेतील. उठा. आपल्या खात्यात एवढी माणसं, कुणी कधी स्टुलावर दिवस काढलाय?" मला त्याचे म्हणणे पटले. मी उठलो नाही, पण पटले. म्हेत्रे त्या निरोप्याबरोबर गेला. बाटल्यांची पेटी आणि जप्त माल नासवायचा फिनेलचा डबा तसाच पायरीशी ठेवून गेला, आणि परत आला नाही.

तिसऱ्या प्रहरी शेटे गुरुजी आले.

नवे धोतर, रेशमी काठाचे उपरणे, आणि चेहरा उपवास केल्यासारखा. त्यांना फळी ओलांडून आत यायला त्रास झाला. आप्पा उठून उभे राहिले. गुरुजींनी आधी माझ्याकडे बघितले.

"उंब्रजकर, खवा वाईट आहे?"

"तपासल्याशिवाय सांगता येत नाही."

"तपासून कधी येईल?"

"नमुना पुण्याला जातो. महिना लागतो."

"लग्न आज आहे," गुरुजी म्हणाले. चिडून नव्हे. वर्गात एखाद्या मुलाला गणित समजावून सांगावे तसे. "वरपक्षाला गुलाबजाम कबूल केलेत. त्यांचं गाव मोठं आहे, माणसं मोठी आहेत. तुमचं स्वतःचं काय मत आहे ते सांगा. तुमच्या मतावर मी पंगतीत बदल करतो."

हा क्षण होता. एवढे एक वाक्य बोलायचे होते. पण माझ्या डोक्यात माझी सर्दी आली, पिवळा उजेड आला, म्हेत्रेचे मिटलेले डोळे आले. या घरात कित्येक वर्षांत कधी वाईट माल निघाला नाही हे आले. माझ्या एका शंकेवरून एका म्हाताऱ्याचे नाव जाईल आणि गुरुजींची पंगत नासेल, आणि महिन्याने पुण्याहून कळेल की खवा उत्तम होता.

"मला खात्री नाही," मी म्हणालो.

गुरुजी आप्पांकडे वळले. "आप्पा, तुम्ही सांगा."

"गुरुजी, आजवर तुम्हाला कधी वाईट दिलंय का?"

"नाही दिलं."

"मग."

गुरुजींनी मान हलवली. जाताना ते माझ्याजवळ थांबले. "तुमची खात्री व्हायच्या आत माझी मुलगी सासरी गेलेली असेल," ते म्हणाले. "आचारी पाक करतोय. मी माणूस पाठवतो. रात्री जेवायला या."

ते गेले तेव्हा मला वाटले की आता उठावे. खरेच वाटले. पाय बधिर झाले होते, पोटात कळ होती, जो एक माणूस माझे ऐकणार होता त्याला मी काहीच सांगू शकलो नव्हतो. मग मी इथे बसून कोणाला वाचवत होतो? आप्पांचे उत्तर तेवढे मनात राहिले होते. त्यांना खव्याबद्दल विचारले आणि ते आजवरबद्दल बोलले.

थोड्याच वेळात आचाऱ्याचा माणूस हातगाडी घेऊन आला. गाडी दाराशी लावून तो फळीला टेकून उभा राहिला. आप्पा गादीवरून उतरले.

"साहेब, आता नेऊ द्या."

मी पातेल्याच्या काठावर हात ठेवला. 

"कशावर अडवणार?" आप्पा म्हणाले. आवाज अजूनही मऊच. "पंच नाही, पावती नाही. तुमचा साहेब तुम्हाला बोलावतोय आणि तुम्ही जात नाही. मी पातेलं उचललं तर तुम्ही काय करणार? मारामारी करणार?"

ते अगदी खरे होते. मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही म्हणून भिंतीकडे बघितले. परत येणाऱ्या ओळीतली एक मुंगी तसबिरीच्या चौकटीपाशी थांबली होती. तिच्या तोंडात तिच्या डोक्याहून मोठा पांढरा कण होता. त्यावर फटीतला उजेड पडून तो चमकला. तिच्यामागच्या मुंगीजवळही तसाच कण. खव्याचा कण चमकत नाही.

मी उठलो, पण एक हात पातेल्यावर ठेवूनच, आणि मान लांब करून वाटीत बघितले. वाटीत साखर होती.

"आप्पा," मी म्हणालो, "आज नैवेद्य साखरेचा?"

आप्पांनी तसबिरीकडे बघितले नाही. आचाऱ्याच्या माणसाने बघितले.

"गडबड होती सकाळी," ते म्हणाले.

"तुम्ही यातला एक पेढा वळून देवापुढं ठेवा. मी लगेच उठतो. पातेलं न्या. मी कोणाला काही बोलणार नाही."

पलीकडच्या दुकानात पान्याचा ठोका चालू होता, तो थांबला.

"हे तुमच्या पुस्तकात आहे का?" आप्पांनी विचारले.

"नाही."

त्यांनी उपरण्याला हात पुसले. पातेल्यात बोटे घालून सुपारीएवढा खवा घेतला आणि तो तळहातावर वळू लागले. सारे आयुष्य तेच केलेले हात. न बघता गोळा गोल झाला, अंगठ्याने मध्ये खळगा पडला. ते तसबिरीसमोर जाऊन उभे राहिले. वाटीतली साखर त्यांनी बाजूला काढली, मुंग्या फुंकरल्या. वाटी रिकामी झाली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितले. बराच वेळ बघितले. त्या नजरेत राग नव्हता, विनवणीही नव्हती; काय होते ते मला तेव्हा कळले नाही.

तो पेढा त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला.

चावून, गिळून ते म्हणाले, "झालं? चांगला आहे. उठा आता."

"मी देवापुढं ठेवायला सांगितलं होतं," मी म्हणालो.

आप्पा खाली बसले. गादीवर नव्हे, तिथेच, भट्टीच्या कडेला.  आचाऱ्याचा माणूस हळूच गाडी घेऊन निघून गेला; तिचे चाक फार वेळ कुरकुरत होते. मग आप्पांनी बसल्या जागेवरून फळ्यांच्या भिंतीवर मुठीने ठोकले.

"नबी, ये इकडं. साहेबांना सही पाहिजे."

"मी गावाला गेलोय," भिंतीपलीकडून उत्तर आले. त्यात आता गंमत नव्हती.

"नबी. मी बोलावतोय."

नबीलाल आला. हाताला ग्रीस होते ते पुसायलाही तो थांबला नव्हता. मी तीन बाटल्या भरल्या. माझ्या हातून लाख सांडली, काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा आप्पांनीच काडी ओढून धरली. नबीलालने सही केली, तिच्याशेजारी अंगठ्याचा काळा ठसा उमटला. त्याने माझ्याकडे एकदाही बघितले नाही. फिनेलचा डबा मी उचलणार तेवढ्यात आप्पांनी तो माझ्या हातून घेतला आणि पातेल्यावर स्वतः उपडा केला. खव्यात ते काळपट पाणी मुरत गेले. आता तो कुत्र्याच्याही उपयोगाचा उरला नव्हता.

मग त्यांनी सदरा चढवला, मोठा झारा खांद्यावर टाकला आणि ते मंडपाकडे चालू लागले. मी मागच्या मोरीत गेलो. तेवढे मात्र मी धावत गेलो.

संध्याकाळी खोलीवरून मला सनईचा आवाज ऐकू येत होता. मी जेवायला गेलो नाही. दुसऱ्या दिवशी म्हेत्रेने सांगितले की आप्पांनी स्वतः चुलीपुढे उभे राहून शिरा केला. वरपक्ष नाराज झाला, गुलाबजामचे काय म्हणून कोणी मोठ्याने विचारले, आणि गुरुजींना सगळ्यांसमोर हात जोडावे लागले. मध्येच आप्पा झारा टाकून मंडपामागे गेले होते. ओकारीचा आवाज पंगतीपर्यंत आला म्हणे.

गुरुजी त्यानंतर वाचनालयात दुसऱ्या टेबलावर बसू लागले. मीही त्यांच्या टेबलावर गेलो नाही. काय बोलायचे ते ठरवत राहिलो आणि तेवढ्यात माझी बदली झाली. मुख्याधिकाऱ्यांनी ती मोठ्या तत्परतेने करून दिली. पुण्याहून उत्तर आले होते: खाण्यास अयोग्य. ते मी पुन्हा पुन्हा वाचले. त्याने मला जो धीर यायला हवा होता तो आला नाही, कारण मी बसलो होतो ते काही त्या उत्तराच्या जोरावर नव्हे.

खटला थंडीच्या दिवसांत उभा राहिला. मी नव्या गावाहून साक्षीसाठी आलो. माझी साक्ष झालीच नाही. आप्पांनी पुकारा होताच गुन्हा कबूल आहे म्हणून सांगितले. मॅजिस्ट्रेटने त्यांचे वय बघितले, पहिलाच गुन्हा बघितला आणि शिक्षा दिली: दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत त्यांनी कोर्टातच बसून राहायचे, बाहेर जायचे नाही.

मागच्या भिंतीशी एक बाक होता. पोलिसाने त्यांना तिथे बसवले. मी मोकळा होतो. स्टँडवर जाऊन भुईमुगाच्या शेंगांची पुडी घेतली, माझी एसटी लागलेली बघितली आणि परत येऊन त्या बाकावर बसलो.

आप्पा थोडे सरकले. "तुमची गाडी?"

"दुसरी आहे."

पुढे कुठल्याशा बांधाचा वाद चालला होता. दोन वकील एकाच झाडाबद्दल बोलत होते. मी शेंगांची पुडी मध्ये ठेवली. आप्पा तिच्याकडे बघून बारीक हसले. "आरोपीनं साक्षीदाराचं काही घ्यायचं नसतं, साहेब. नियम असेल." मग त्यांनी एक शेंग घेतली, फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. दुसरी स्वतःसाठी फोडली.

मी दुकानाची चौकशी केली. चाललंय, म्हणाले. सुरुवातीला माणूस फिरकेना. रोज दिवेलागणीला नबी तेवढा यायचा, पावशेर पेढे बांधून घ्यायचा, रस्त्यातून सगळ्यांना दिसतील असे हातात धरून न्यायचा. "त्याला मधुमेह आहे," आप्पा म्हणाले. "पेढ्याचं काय करतो देव जाणे." हळूहळू लोक आले. गुरुजीही आले, मुलीच्या डोहाळजेवणाची ऑर्डर द्यायला.

दुपार कलली. पंखा करकरत होता. समोरच्या भिंतीवर बघण्यासारखे काहीच नव्हते.

"एक विचारू?" आप्पा म्हणाले. "मी तो पेढा ठेवला असता देवापुढं, तर तुम्ही उठला असता?"

हा प्रश्न मी स्वतःला कितीतरी वेळा विचारला होता, आणि प्रत्येक वेळी उत्तर अर्ध्यात सोडून पुस्तक उघडले होते. गुरुजींचा मंडप, त्यात पंक्तीला बसलेली माणसे, मुले, आणि मी कशाच्या भरवशावर बोलून बसलो होतो.

"उठलो असतो," मी म्हणालो. "शब्द दिला होता."

आप्पांनी हातातली शेंग फोडली नाही.

"मला वाटलंच. तुमच्या तोंडावर दिसलं मला," ते म्हणाले. "देवाचं काय, साहेब. देवाला मी रात्री समजावून सांगितलं असतं, त्यानं ऐकून घेतलं असतं. मुलाच्या वेळेपासून आमचं दोघांचं तसंच चाललंय. पण तुम्ही उठून गेला असता तर मग पातेलं आणि मी, दोघंच राहिलो असतो."

पुढे वकील बसला, दुसरा उठला.

"सकाळपासून तुम्हाला घालवायला बघत होतो," आप्पा म्हणाले, "आणि सकाळपासून मनात एकच, की हा माणूस उठू नये."

 मी त्यांच्याकडे बघितले नाही. समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहिलो.

उजेड कमी झाला तेव्हा मॅजिस्ट्रेटने चष्मा काढून मिटला आणि ते उभे राहिले. पट्टेवाल्याने काहीतरी पुकारले. खोलीतली सगळी माणसे उठली. आप्पांनी टरफले उपरण्याच्या पदरात गोळा केली, माझ्या गुडघ्यावर हात टेकून ते सावकाश उभे राहिले, आणि मग मला उठायला हात दिला.